ठोंब्याच्या नखाचे पाडकाम

विषय : ठोंब्या (कुत्रा, वय सात वर्षे) याच्या पुढील उजव्या पंजाचे वाढीव नख पाडण्यास परवानगी मिळणेबाबत.

खडकओहोळ गावात कुत्र्याचे वाढलेले नख हे बांधकाम धरतात, आणि कोणतेही बांधकाम नगरपरिषदेच्या परवानगीवाचून पाडता येत नाही. शिवणकाम करणाऱ्या वत्सलाबाई धोंगडे यांना हे माहीत होते. म्हणूनच ठोंब्याचे नख वळून तळव्याकडे निघाले तरी त्यांनी घरात कात्री उचलली नाही, ठोंब्याच्या नावे रीतसर अर्ज केला. ठोंब्या लंगडू लागला होता. महिनाभरात नख मांसात शिरेल, असे गुरांच्या डॉक्टरांनी बजावले होते.

बांधकाम विभागातले लोखंडे यांनी घरी येऊन पट्टी लावली. चौदा मिलिमीटर भरले. मंजुरी आली, तोवर नख सोळा झाले होते. लोखंड्यांनी नव्याने अर्ज करायला सांगितले.

"अहो, मग चौदाच कापते की," बाई म्हणाल्या.

"कापा. पण पंचनाम्यात सोळा दिसणार. वरचे दोन कुठून आले, हे साहेबांना कोण सांगणार? मी?"

नव्या अर्जाला नवा नियम लागला : चौकशीला अर्जदाराने रोज जातीने हजर राहावे. अर्जदार ठोंब्या होता. बाई त्याला सकाळी अकराला घेऊन जात. कचेरीचा व्हरांडा चांगला लांब, आणि ठेकेदाराच्या कृपेने त्याची फरशी कानशीसारखी खरखरीत. आवकच्या टेबलावरून नकाशाच्या, तिथून छाननीच्या, पुन्हा आवकच्या, अशा ठोंब्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. सुरुवातीला तो दर टेबलापाशी बसकण मारी. पुढे बाईंनाच त्याच्यामागे धापा टाकत जावे लागे.

तिसऱ्या आठवड्यात लोखंड्यांनी पुन्हा पट्टी लावली. नऊ. त्यांनी नियमावली दोनदा चाळली. झीज हे पाडकाम असल्याचे तीत कुठेही म्हटलेले नव्हते.

"बाई, निकालाची घाई आहे का?" त्यांनी हलकेच विचारले.

"का हो?"

"निकाल लागला की याचे येणे बंद होईल."

बाईंनी ठोंब्याकडे पाहिले. तो चारही पाय टेकून नकाशाच्या टेबलाकडे निघाला होता.

"छे, घाई कसली," बाई म्हणाल्या. "तुमच्या सवडीने होऊ द्या."

लोखंड्यांनी फाईल बांधली आणि गठ्ठ्यात सर्वांत खाली सरकवली.

सदर अर्ज प्रलंबित आहे.