पास्कल अंकलचं ‘आहे’

पास्कल अंकल अधूनमधून, कुणी काही विचारलेलं नसताना, "आहे" म्हणायचे. कीबोर्डवरून मान वर न करता. लिफ्टमध्ये, कॅन्टीनच्या रांगेत, एकदा तर बाथरूमच्या बंद दारामागून. आमच्या नव्या एचआर मॅडम आधी दचकायच्या, मग त्याही "बरं" म्हणायला लागल्या.

साकीनाक्याच्या ऑफिसात मी त्यांच्या शेजारी बसायचे. मी मोजकंच बोलते, त्यामुळे त्यांचा जाच मलाच जास्त. मध्येच माझ्या टेबलावर टकटक व्हायची.

"काय गं, आहेस ना?"

मी मान हलवायचे.

"मान हललेली ऐकू येत नाही. बोल."

"आहे."

डब्यात बहुतेक सुके बोंबील असायचे. झाकण निघालं की आजूबाजूच्या खुर्च्या हळूहळू सरकायच्या. "पळा," अंकल शांतपणे म्हणायचे, "मला जास्त मिळतील."

आमच्याकडे एक मशीन आहे. बाहेरून येणारी प्रत्येक ईमेल ते आधी तपासतं आणि फसवी मेल दारातच अडवतं. काय अडवलं, काय बिघडलं, याच्या नोंदी ते दुसऱ्या सर्व्हरला पाठवत राहतं. कुठल्या नोंदी पाठवायच्या ते आपण ठरवायचं. बाकीचे ‘गडबड झाली तरच सांग’ असं ठरवून मोकळे होतात. अंकलनी एक जादा ओळ घातली होती. काहीच घडलं नसलं तरी मशीनने थोड्या थोड्या वेळाने लिहायचं: आहे.

"बोंबलणाऱ्या मशीनची भीती नाही," ते म्हणायचे. "गप्प मशीनची वाट लागलेली असते, आणि आपण समजतो सगळं झकास."

त्यांच्या रिटायरमेंटच्या आठवड्यात आमचा मॅनेजर समीर आला. "अंकल, ती आहे-आहेची लाइन काढूया ना. नुसता कचरा जमतोय यार, रिपोर्ट वाचता येत नाही."

"मी गेल्यावर काढ."

"आत्ताच काढा. हिला शिकवून टाका म्हणजे झालं."

मी सेटिंग उघडलं. अंकल खुर्ची ओढून बसले. ती ओळ पुसायला लावली, ‘फक्त गडबड’ निवडायला सांगितलं. मी सेव्हवर बोट नेलं, तर म्हणाले, "थांब जरा."

मग स्क्रीनकडेच बघत बोलले. "मी दुबईला होतो तेव्हा आईला हेच सांगितलं होतं. मरोळच्या घरात ती एकटी. ड्यूटीवर फोन घेता यायचा नाही. म्हटलं, काही लागलं तरच फोन कर."

"मग?"

"ऐकायची फार. फोन आला नाही. मी खूश, की आई मजेत आहे." त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "दार शेजाऱ्यांनी फोडलं. बरेच दिवस झाले होते. आजारी पडली असणार, पण तिच्या हिशोबाने तेवढ्यासाठी मला कशाला त्रास."

मी नुसती मान हलवली. त्यांनी टकटक केली नाही.

"सेव्ह कर," ते म्हणाले.

शेवटच्या दिवशी केक झाला, सामोसे झाले, भिंतीवरचं घड्याळ दिलं. अंकल भाषण करायला उभे राहिले आणि थँक्यू म्हणून बसले. ‘आहे’ दिवसभरात एकदाही म्हणाले नाहीत. मरोळच्या त्याच घरात ते आता एकटे राहतात. लग्न केलंच नाही. घड्याळ घेऊन मी त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेले. ते आत बसल्यावर घड्याळ त्यांच्या हातात दिलं. एक वाक्य मी सकाळपासून जुळवत होते.

"अंकल, उद्यापासून मला पाठवा."

"काय?"

"तेच. काही झालं नसलं तरी. रोज सकाळी."

त्यांनी घड्याळ मांडीवर नीट घेतलं. "उत्तर द्यायचं नाही हां. सर्व्हर कधी देतो का?"

मी मान हलवली. मग आठवण झाली आणि तोंडाने म्हटलं, "नाही देणार."

आता रोज सकाळी त्यांचा एका शब्दाचा मेसेज येतो. मी उत्तर देत नाही. मम्मी ओरडते, उशीर होतोय, निघ. मी दाराशी पर्स घेऊन उभी असते. तो येईपर्यंत चपला घालत नाही.