एक सरळ टीप

"कापडच ना? त्यात काय आहे एवढं!" डॉक्टर म्हणाले, आणि तिथेच सगळं फिसकटलं.

निमित्त अगदी क्षुल्लक होतं. सोफ्यावरच्या उशीचा अभ्रा फाटला होता आणि डॉक्टरांची बायको नव्या अभ्र्याचं कापड घेऊन कोपऱ्यावरच्या शिंपीमास्तरांकडे निघाली होती. आता, डॉक्टर म्हणजे साधेसुधे डॉक्टर नव्हेत. सर्जन! पंचवीस वर्षं माणसं कापून पुन्हा शिवत आलेले. त्यांच्या घरचं कापड दुसऱ्याकडे शिवायला जातं, हे त्यांना भलतंच झोंबलं.

"अगं, मी जिवंत माणसं शिवतो! कापड बिचारं गप्प पडून असतं."

"माणसंही गप्पच असतात, गुंगीत," बायको म्हणाली. "नावं ठेवायला शुद्धीवर असतात कुठे?"

एवढं बोलून तिने कापडाचे दोन चौकोन त्यांच्या पुढ्यात टाकले, शिलाई मशीनमध्ये दोरा ओवून दिला आणि ती खुशाल बहिणीकडे निघून गेली.

डॉक्टरांनी आधी कोपरापर्यंत हात धुतले. सवय! मग मशीनपुढे बसून उजवा हात बाजूला पसरला आणि म्हणाले, "कात्री!" हात बराच वेळ तसाच राहिला. शेवटी उठून त्यांनी स्वतःच कात्री शोधली. मग त्यांनी पायडल दाबलं, आणि मशीन जे सुटलं ते त्यांचं बोट थोडक्यात वाचवूनच थांबलं. टीप निघाली होती दाराकडे आणि पोचली होती खिडकीकडे. कापडाखाली दोऱ्याचं एक घरटं तयार झालं होतं.

दुसऱ्या कोणी कपाळाला हात लावला असता. डॉक्टर मात्र त्या टाक्याकडे बघतच राहिले. त्यांची सुई कातडीतून आरपार जायची, पलीकडे निघायची, पुन्हा वळून यायची. ही बया तर नुसतं खाली टोक बुडवून वर येत होती, आणि तरी टाका पडत होता! कसा? डॉक्टरांनी पेशंटचा घसा बघायची बॅटरी आणली, झाकण काढलं आणि जमिनीवर बसून चाक हाताने फिरवत आत डोकावले. सुईने दोऱ्याचा फास खाली नेला. खाली एक छोटंसं चाक होतं, त्याच्या पोटात बॉबिन, बॉबिनवर दुसरा दोरा. वरचा फास त्या अख्ख्या बॉबिनला वळसा घालून वर निघून गेला, आणि दोन दोरे एकमेकांत अडकले!

"अरे बाप रे," डॉक्टर हळूच म्हणाले. पहिलं धडधडतं हृदय पाहिलं तेव्हाही ते असंच म्हणाले होते. पुढचा तासभर ते तिथून हलले नाहीत.

अभ्रा पूर्ण झाला तेव्हा बायकोला दाखवण्याआधी जाणकाराची शाबासकी घ्यावी, अशी त्यांना दुर्बुद्धी झाली. जाणकार म्हणजे अर्थात मास्तर. पण या मास्तरांचं हर्नियाचं ऑपरेशन शुक्रवारी ठरलेलं होतं, आणि करणारे होते हेच डॉक्टर! मास्तर ऑपरेशनला इतके घाबरत की तीन महिने मागे लागून डॉक्टरांनी त्यांना कसंबसं तयार केलं होतं. आतडं अडकलं तर जिवावर बेतेल, असं परोपरीने सांगितलं होतं.

मास्तरांनी अभ्रा हातात घेतला. उलटा केला. सुलटा केला. पुन्हा उलटा केला.

"याचं तोंड कुठाय?"

"तोंड?"

"उशी आत कुठून जाणार, डॉक्टर?"

डॉक्टरांनी चारही बाजू झकास बंद केल्या होत्या. "आम्ही उघडं काही ठेवत नाही, मास्तर. शिकवणच तशी आहे आमची."

मास्तरांनी त्या नागमोडी टिपेवरून बोट फिरवलं. मग तोच हात नकळत स्वतःच्या पोटावर ठेवला. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"हे... तुमच्या हातचं आहे?"

"पहिलंच आहे हो! मशीन जरा ओढत होतं."

"नाचता येईना अंगण वाकडं," मास्तर पुटपुटले. "डॉक्टर, ते शुक्रवारचं राहू द्या."

डॉक्टर सोमवारी दवाखान्यात पोचले तर सिस्टर दारातच उभ्या. वीस वर्षं त्यांच्या हाताखाली काम केलेल्या, पण त्यांना कधीच न भ्यालेल्या.

"सर, शुक्रवारचे तिन्ही पेशंट नको म्हणाले!"

"तिन्ही? का?"

"मास्तरांनी दुकानात एक अभ्रा टांगलाय. येईल त्याला दाखवतात, 'हा बघा डॉक्टरांचा हात!' काय केलंत तुम्ही?"

बाकीचे दोघे थांबले असते तरी बिघडत नव्हतं. मास्तरांचं थांबणं परवडणारं नव्हतं. म्हणून संध्याकाळी दवाखाना आटोपून डॉक्टर थेट दुकानात गेले. "मास्तर, मला सरळ टीप मारायला शिकवा. तुमची खात्री पटेल तेव्हाच पोटाचं बघू."

"सुईकडे बघू नका," मास्तरांनी सुरुवात केली. "ती आपलं काम करते. कापडाच्या कडेकडे बघा. आणि ओढताय कशाला? खाली दात आहेत, ते नेतात त्याला. तुम्ही फक्त सोबत करा."

फक्त सोबत करा! डॉक्टरांना हे आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी त्यांनी स्वतःची बाही कापडाला शिवून टाकली. "हलू नका!" मास्तर ओरडले. "कापू का?" डॉक्टरांचा चेहरा पांढराफटक पडला. "आधी सांगा, दुखेल का?" दुसऱ्या दिवशी त्यांनी आठ वेळा उसवलं आणि नवव्यांदा वीतभर टीप सरळ आली. ते कापड त्यांनी दिव्यापुढे धरलं आणि लहान मुलासारखे बघत बसले. आणि मास्तरांचं बेतणं! खडूची एक रेघ न ओढता कात्री सरसर चालायची आणि सपाट कापडातून खांदा, गळा, पाठ सुटी व्हायची. डॉक्टरांनी शेकडो खांदे आतून पाहिले होते. खांदा असा पसरून ठेवता येतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"मास्तर, तुम्ही माणूस न उघडता ओळखता हो!"

"तुम्ही न उघडता बरं कराल तर मी लगेच येतो," मास्तर म्हणाले.

गुरुवारी संध्याकाळी डॉक्टर इतके रंगले होते की आपण इथे कशासाठी येतो, हेच विसरले होते. एवढ्यात मागून "आई गं!" ऐकू आलं. कापडाचा जड तागा उचलता उचलता मास्तर पोट धरून खाली बसले होते. डॉक्टरांनी हात लावून पाहिलं आणि त्यांच्यातला शिंपी क्षणात पळाला. आतडं अडकलं होतं!

त्यांनी सिस्टरना फोन केला. पाच मिनिटांत सिस्टर दवाखान्याची गाडी घेऊन दारात आल्या. पण मास्तर मशीनचा पाय घट्ट धरून बसले.

"आधी... टीप!"

"मास्तर, वेळ नाहीये!"

"एक सरळ टीप मारून दाखवा! मग कुठेही न्या मला!"

डॉक्टर झटकन मशीनकडे वळले. ते बसले. सुईकडे बघितलं नाही. कापड ओढलं नाही. मशीन एका लयीत चाललं, आणि हातभर लांब, रुळासारखी सरळ टीप बाहेर आली! वेदनेने डोळ्यांत पाणी आलेल्या मास्तरांनी ती पाहिली. "वा!" एवढंच म्हणाले आणि त्यांनी मशीनचा पाय सोडला.

त्यांना गाडीत निजवलं. मागे राहिलेलं कापड सिस्टरनी उचललं, तर वरचा दोरा अख्खाच्या अख्खा त्यांच्या हातात निघून आला. बॉबिन रिकामं होतं! खाली दोराच नव्हता, कापडाला नुसती भोकं पडली होती. सिस्टरनी एकदा डॉक्टरांकडे पाहिलं, एकदा मास्तरांकडे पाहिलं आणि तो तुकडा गुपचूप पर्समध्ये कोंबला.

ऑपरेशन उत्तम झालं. शेवटचा टाका घालताना डॉक्टर जरा जास्तच रेंगाळले, हे सिस्टरनी पाहिलं. एकसारखे, एकाच अंतरावरचे टाके! असं काम आपल्या हातून कधी झालं नाही, असं डॉक्टरांना मनापासून वाटलं, आणि ते कुठे शिकलो हेही त्यांना नीट कळत होतं.

तिसऱ्या दिवशी सिस्टर पट्टी बदलत असताना मास्तरांनी चष्मा मागवला. मान वर करून त्यांनी पोटावरचे टाके एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तपासले. पुन्हा तपासले. डॉक्टर शाबासकी घ्यायला पुढे सरकले.

"वा, काय हात आहे!" मास्तर म्हणाले. मग त्यांनी डॉक्टरांच्या पलीकडे नजर वळवली आणि हात जोडले.

"सिस्टर, तुमचे उपकार कसे फेडू? डॉक्टरांचा मान राखायला नाव त्यांचं सांगितलंत, पण शिवलंत तुम्ही. चार दिवसांत एक टीप सरळ आली म्हणून एवढा हात बसत नाही कुणाचा. आम्हाला काम बघून कळतं हो!"