ईरप्पा मास्तरांचा पहिला नंबर

"नक्कल? मी केली?" महानंदाने पत्र टेबलावर आपटले, तसा फादरांच्या कपातला चहा बशीत आला.

चौऱ्याहत्तर साली चर्चने ईशज्ञानाचा टपाली अभ्यासक्रम बायकांनाही खुला केला. पास होणाऱ्या बाईला रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग शिकवायला मिळणार होता. त्या वर्गासाठी महानंदाने सहा महिने चुलीपुढे बसून पुस्तके पाठ केली. तिचा नवरा ईरप्पा चर्चचाच धर्मशिक्षक, त्यालाही परीक्षा सक्तीची होती. पठ्ठ्याने पुस्तक उघडले नाही. 'पोस्टात टाकतो' म्हणून बायकोची उत्तरांची वही घेतली आणि काय उतरवतोय हेही न बघता सबंध उतरवून काढली. आता निकाल आला होता. ईरप्पा पहिला, आणि नवऱ्याची नक्कल केली म्हणून महानंदा नापास!

"मास्तर वीस वर्षं शिकवतायत," फादर म्हणाले. "कुणी कुणाचं बघितलं, हे सांगायला हवं का?"

"वह्या तरी वाचल्या का कुनी?"

"परीक्षकांनी वाचल्यात की."

कसल्या वाचतायत! वरचे नाव वाचले आणि मार्क दिले. संताप येतो तो याचाच.

घरी महानंदाने नवऱ्याला धारेवर धरले. "फादरला खरं सांगा तुमी."

"आन माझी नोकरी? तू पुढच्या साली बस की परीक्षेला!"

रविवारी चर्चमध्ये मिस्साची प्रार्थना संपल्यावर फादरांनी कौतुकाने जाहीर केले, की पहिला आलेला उमेदवार आपले उत्तर सर्वांपुढे वाचेल. परत आलेली वही त्यांनी ईरप्पाच्या हातात दिली. प्रश्न होता: कृपा म्हणजे काय? स्वतःच्या आयुष्यातला दाखला द्या.

ईरप्पाने घसा खाकरला आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली. "कृपा मागून मिळत नाही. माझ्या दुसऱ्या बाळंतपणात..."

बायकांच्या बाकांवर पदर तोंडाला गेले.

फादरांचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी वही ओढून दोन पाने चाळली आणि मान खाली घातली. "महानंदाबाई, चुकलं आमचं. वर्ग तुमचाच. या, पुढचं तुम्हीच वाचा."

महानंदा जागेवरच उभी राहिली. "वर्ग घेते की. पन ह्ये न्हाय वाचनार. त्यांचं बाळंतपन हाय, त्यांनीच पुरं करावं."

"वाचा मास्तर," फादरांनी वही परत त्याच्या हातात कोंबली.

ईरप्पाने कपाळाचा घाम पुसला. "शेजारच्या मायाक्कानं हातातलं काम टाकून दुपारभर माझा हात धरला. ती देवाची कृपा. माझा नवरा..."

"मोठ्यानं!" मागून मायाक्का ओरडली.

"माझा नवरा तेव्हा सिनेमाला गेला होता."