नलूताईंचं ‘ड’

लोक जिन्यात भेटले की “जेवलात का?” विचारतात. आमच्या मुलुंडच्या सोसायटीतल्या नलूताई “आज ‘ड’ झालं का?” असं विचारायच्या. लग्न होऊन मी तिथे राहायला गेले, तर पहिल्याच दिवशी मलाही विचारलं. मला वाटलं, बाईंचा स्क्रू जरा ढिला दिसतोय.

‘ड’ म्हणजे ड जीवनसत्त्व. नलूताई शाळेत आरोग्यशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या होत्या, पण शिकवणं काही थांबलं नव्हतं. पुरुषमंडळी ऑफिसला गेली की त्या मजल्यामजल्यावरून बायका गोळा करून गच्चीवर नेत. मागून त्यांचे यजमान, अप्पा, काखेत चटई घेऊन. गच्चीत एका बाजूला पापड-कुरडया वाळत आणि दुसऱ्या बाजूला आम्ही. “बाह्या वर कर गं! ऊन काय ब्लाउजला द्यायचंय?” मग थोड्या वेळाने, “चला, आता पाठ करा इकडे.”

बाळंतिणीला अंधाऱ्या खोलीत, कान बांधून, शेगडीजवळ ठेवायची आपल्याकडे रीत. नलूताई बेधडक आत शिरून खिडकी उघडत. “अंधारात बटाटे ठेवतात, बाळंतीण नाही!” दुसऱ्या मजल्यावर तर एकदा सासूबाईंनी खिडकी लावायची आणि नलूताईंनी उघडायची, असं दुपारभर चाललं होतं. बाळंतीण मधे मजेत घोरत होती.

मला दिवस गेले तेव्हा आमचं घर तळमजल्यावर, शेजारच्या इमारतीच्या सावलीत. भर दुपारी ट्यूब लावावी लागे. पुढे पुढे कंबर आणि मांड्या अशा दुखायला लागल्या की टेबल धरल्याशिवाय उठता येईना. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या आणि वर म्हणाल्या, “रोज थोडं ऊन घ्या.” हे कळल्यावर नलूताई दिवसभर सोसायटीत मिरवत होत्या.

आणि नेमकं तेव्हाच गच्चीला कुलूप लागलं. रविवारचा सिनेमा रंगात आला असताना सगळ्यांच्या टीव्हीवर मुंग्या आल्या आणि सेक्रेटरी कर्णिकांनी शोध लावला, की बायका चटया झटकतात म्हणून अँटेना फिरतात.

मीटिंग बोलावली गेली. नलूताई मला घेऊन पुढच्या रांगेत बसल्या. “हिला ऊन हवंय. किल्ली द्या.”

कर्णिक वैतागले. “अहो, सगळ्या अँटेनांची वाट लागली! आणि तुम्हाला एवढं काय पडलंय? तुम्हाला ना मूल ना बाळ. बाळंतपणातलं तुम्हाला काय कळतं?”

अप्पा उठायला लागले, त्यांना नलूताईंनी हाताने खाली बसवलं. मग वर्गात शिकवावं तशा आवाजात म्हणाल्या, “नीट लक्ष द्या. मुलगी काळोखात वाढली की तिची हाडं मऊ राहतात. आमची माहेरची परळची खोली तशीच काळोखी होती. कमरेचं हाड आक्रसतं, मग बाळंतपणात मूल अडतं. माझं अडलं. ते गेलं, पुन्हा झालं नाही. कळलं? आता किल्ली द्या.”

कर्णिकांनी मान वर न करता किल्ली दिली. मला रडू आवरेना. नलूताई माझ्यावरच डाफरल्या, “रडतेस काय? उद्या सकाळी वर ये.”

दिवस भरेपर्यंत मी रोज वर जात राहिले. अप्पा पाठीशी उशी लावून द्यायचे. दुखणं हळूहळू कमी झालं, आणि खरं सांगते, त्या उन्हात मला फार सुख वाटायचं.

मला मुलगी झाली. दवाखान्यात भेटायला येणारा प्रत्येक जण “काय झालं?” असं विचारत आत यायचा. नलूताई मात्र दारातच थांबल्या. पाळण्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

“अडलं नाही ना गं कुठे?”

“नाही नलूताई. अगदी सहज झालं.”

“सहज,” त्या म्हणाल्या. मग स्टुलावर बसल्या, पदर तोंडाला लावला आणि पोटभर रडल्या. अप्पा मागे उभे राहून त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते. बऱ्याच वेळाने नलूताईंनी डोळे पुसले आणि दोन्ही हात पुढे केले.

“आण इकडे,” म्हणाल्या. “आता बघू दे मला तिला.”