हवेत अडकलेली टाळी

धडा फोनवर रेकॉर्ड करून ठेवायचा, एवढंच मी ठरवलं होतं. पुढे जे झालं त्याला जबाबदार माझे वडील आहेत. (तसे बहुतेक गोष्टींना तेच जबाबदार असतात, पण या खेपेला माझ्याकडे पुरावा आहे.)

कॉलेज मी सोडलं, कारण तिथल्या सरांनी शिकवणं माझ्याआधीच सोडलं होतं. घरी बसून फ्लामेंको गिटार शिकायचं ठरवलं. स्पेनमधला हा प्रकार. त्यात तारांना हात लावण्याआधी टाळ्यांनी ताल पक्का करावा लागतो. बारा मात्रांचं चक्र, आणि मोजायला सुरुवात एकपासून नाही, बारापासून. ज्याने हे शोधलं तो माणूस माझ्यासारखाच कोणाचं न ऐकणारा असणार.

इंटरनेटवर याचे धडे फुकट मिळतात. आमच्या घरात इंटरनेटच मिळत नाही. बाबांनी सगळ्यात स्वस्त प्लॅन घेतलेला, आणि जेवून उठले की ते राउटर बंद करतात, गॅस बंद करावा तसा. चालू राहिला तर झिजतो म्हणे. सगळी नोकरी ऑफिसातले पंखे बंद करत फिरण्यात गेलेला माणूस, त्याला काय समजावणार?

म्हणून एका संध्याकाळी धडा चालू असतानाच मी तो फोनवर रेकॉर्ड केला. अर्ध्यावर बाबांचं जेवण झालं आणि राउटर झोपला. जेवढं हाती लागलं तेवढ्यावर मी रियाज सुरू केला.

धड्यातल्या मास्तरांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं की ताल घड्याळासारखा गोल फिरतो. मग ते टाळ्या वाजवत, आणि दहाव्या टाळीनंतर एकदम थांबत. डोळे मिटलेले, एक हात हवेत, ओठ अर्धवट उघडे. पडद्याच्या मधोमध एक छोटंसं वर्तुळ शांतपणे फिरत राही. मग झटक्यात उरलेल्या टाळ्या. त्या थांबण्याने माझ्या अंगावर काटा आला. अख्ख्या फ्लामेंकोचं दुःख तिथेच साठलंय, हे मला पहिल्याच दिवशी कळलं.

बाबा मागून डोकावले. "अडकलंय ते," म्हणाले.

ज्यांनी आयुष्यभर फक्त हजेरी लावली त्यांनी कलेवर बोलू नये, असं मी त्यांना सुनावलं. आई आतून "वडील आहेत तुझे" एवढंच म्हणाली. (हे ती माझ्या बाजूने म्हणते की त्यांच्या, ते मला अजून कळलेलं नाही.)

काकांचं फरश्यांचं दुकान आहे. माझ्यासाठी त्यांनी तिथे एक स्टूल राखून ठेवलेलं. शेवटी घरात करार झाला: फ्लामेंकोच्या एका ऑनलाइन शाळेची परीक्षा मी द्यायची. पास झालो तर वर्षभर कोणी माझ्या वाटेला जाणार नाही. नापास झालो तर स्टूल.

परीक्षेसाठी बाबांनी चक्क महागातला प्लॅन घेतला. नेटमुळे नापास झालो असं उद्या माझ्याकडून ऐकायला नको, हे त्यामागचं पितृप्रेम. रविवारी ते आणि काका सोफ्यावर पंचनाम्याला आल्यासारखे बसले. पडद्यावर परीक्षक मॅडम आल्या. एक आवर्तन वाजवून दाखव म्हणाल्या.

मी वाजवलं. दहावी टाळी झाली. डोळे मिटले, हात हवेत नेला, ओठ अर्धवट उघडले. श्वाससुद्धा रोखला.

मॅडम म्हणाल्या, हॅलो, तुझं चित्र अडकलंय. माझी एकाग्रता तपासतायत असं समजून मी आणखी स्तब्ध झालो. मग उरलेल्या टाळ्या दिल्या. त्यांनी पुन्हा करायला सांगितलं. मी पुन्हा तसाच थांबलो.

"तुमचं नेट फारच खराब आहे हो," मॅडम म्हणाल्या.

हे बाबांना लागलं. उठून ते थेट कॅमेऱ्यासमोर आले.

"नेट उत्तम चालू आहे मॅडम. मुलगा थांबलाय."

कुठे शिकलास असं मॅडमनी विचारलं. मी फोन कॅमेऱ्यापुढे धरून रेकॉर्डिंग दाखवलं. बराच वेळ त्यांचे फक्त खांदे हलताना दिसले. मग त्यांनी सांगितलं की ते वर्तुळ तालाचं नाही, व्हिडिओ यायला वेळ लागला की ते दिसतं. काकांनी म्हणजे काय असं विचारलं, तर बाबांनी त्यांना अत्यंत समाधानाने समजावून सांगितलं.

बाई मनाने चांगल्या. मूळ धडा आत्ताच पूर्ण बघ, अर्ध्या तासाने परत ये, मग ठरवू म्हणाल्या. नव्या प्लॅनवर आम्ही चौघं धडा बघायला बसलो. मास्तर दहाव्या टाळीवरून न थांबता पुढे गेले. दुःखबिःख काही नव्हतं. ठीक आहे, मी मनात म्हटलं, एक थांबा तर काढायचाय, बाकी सगळं पाठ आहे. मग बाबांचं जेवण झालं होतं ती जागा आली आणि गेली. मास्तरांनी डोळे उघडले, गोड हसले आणि म्हणाले, "तर नवशिके हमखास असं चुकीचं वाजवतात. आता बरोबर कसं वाजवायचं ते पाहू."

आईने माझ्या पाठीवर हात ठेवला, तो मी झटकला नाही, यावरून माझी अवस्था ओळखावी. काका चपला शोधायला लागले. उद्यापासून दुकानात येतो, असं मी स्वतःहून म्हणालो.

काकांनी एकवार माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे.

"दादा, राग मानू नकोस, पण याला गिटारच वाजवू दे. माझ्याकडची फरशी लोक एकदाच बसवतात."