झऱ्याच्या वाडीचें पाणी आणि दोन गोळ्यांचा झगडा

श्रीगजानना, तुजला प्रथम नमन. तुझें वाहन लहान आणि आमचे शिकारी उतावीळ, तेव्हां त्यास जरा सांभाळून ठेवावें. मग वनदेवीस नमन, आणि मग वाचणारांस रामराम. शके अठराशें बावीस, शार्वरी नाम संवत्सरे, आश्विन शुद्ध एकादशीपासून कार्तिक शुद्ध द्वादशीपावेतों एका राज्यांत हलकी गोळी थोर कीं जड गोळी थोर, ऐसा वाद पेटला, आणि त्या वादापायीं एक वाडी उठावयाची ती कशी राहिली, हें येथें लिहितों. राज्याचें नांव लिहीत नाहीं. लिहिलें तर तेथील मंडळी त्यावरही दोन तट पाडतील, आणि आम्हांस आतां ऐकवत नाहीं. जें लिहितों तें डोळां पाहिलेलें. ज्यास पटणार नाहीं त्यानें आपली बखर आपण लिहावी.

तर तें राज्य लहान. अर्धें घाटमाथ्याचा उघडा सडा, म्हणजे कातळाचें पठार, आणि अर्धें कारवीचें रान. कारवी म्हणजे काठ्यांची दाटी, माणसाच्या वर हातभर; आंत शिरलें कीं पुढच्याची पाठ दिसते, त्याच्या पुढच्याची दिसत नाहीं. शिकारखान्याचे दरोगे सुभानजी बोडके, वय साठीचें, बोलणें थोडें आणि तेंही तिखट. त्यांची बंदूक जाड नळीची, गोळी तीन तोळ्यांची शिशाची, बार काढला कीं कावळे उडत आणि धुरानें घटकाभर कोणी कोणास दिसत नसे. चाळीस वर्षें त्यांनीं एकच नियम चालविला, कीं ज्याची जखम त्याचा माग. ज्यानें जनावर घायाळ केलें त्यानेंच तें शोधून संपवावें, मग तो राजा असो कीं रंक असो. हें चाललें असतां महाराजांचे मेहुणे आनंदराव दुसंगे दोन वर्षें परमुलुखीं राहून आले, आणि बारीक नळीची बंदूक आणिली, सव्वा तोळ्याची गोळी आणिली, बिनधुराची दारू आणिली, आणि सर्वांवर कडी म्हणजे छापील तक्त्यांची एक चोपडी आणिली, कीं इतक्या पावलांवर गोळी इतकी खालीं येते आणि वारा असला तर इतकी सरकते. आनंदराव मनाचे वाईट नव्हेत. परंतु चोपडी हातीं आली आणि माणूस बिघडला.

मग काय विचारतां! महिन्याभरांत राज्यांत हलकी गोळी न बाळगणारा तो गांवढळ ठरला. ज्यांनीं उभ्या जन्मीं ससा मारिला नाहीं ते कमरेस काडतुसांचा पट्टा बांधून देवळांत येऊं लागले. शिंप्यांस अंगरख्यांपेक्षां पट्ट्यांचें काम अधिक झालें. सोयरीक ठरवावयास गेलेल्या एका गृहस्थानें मुलाचें गोत्र विचारण्याआधीं गोळीचें वजन विचारिलें, आणि तीन तोळे ऐकतांच उठून गेला. जडवालेही कांहीं कमी नव्हेत. ते म्हणत, सव्वा तोळ्यानें जनावर मरत नाहीं, त्यास फक्त राग येतो. आणि मग हलकेवाले म्हणत, तुमची गोळी पोंहोंचेपर्यंत जनावर म्हातारें होऊन मरतें. ऐसें रोज, सकाळीं आणि संध्याकाळीं, पान खाऊन आणि पान न खातां.

पुढें आश्विन शुद्ध एकादशीस झऱ्याच्या वाडीवरील रानांत हांका झाला, आणि एकल डुकर, उंची कमरेइतकी, सुळे वितीचे, आनंदरावांपुढें आला, आणि आनंदरावांनीं हलका बार टाकिला. गोळीचें नाक मऊ, तें वाटेंत कारवीच्या काठीस लागलें आणि गोळी तेथेंच फुटली, आणि जो तुकडा पोंहोंचला तो डुकराच्या खांद्यावरील जाड कातड्यांत रुतून बसला. डुकर पळाला आणि वाडीच्या झऱ्यावरील नाळींत, डोंगराच्या अरुंद घळींत, जाऊन बसला. सुभानजी म्हणाले, "आनंदराव, तुमची जखम, चला मागावर." आनंदराव म्हणाले, "दरोगेसाहेब, चोपडीप्रमाणें तो मेलेला आहे." सुभानजींनीं मिशी चावली; महाराजांचे मेहुणे, ओढून कसें न्यावें? आणि मेलेल्या डुकरानें तिसऱ्या दिवशीं पाण्यास गेलेल्या भिवा हिलमाची मांडी गुडघ्यापासून वरपर्यंत फाडिली. भिवा वांचला, परंतु झरा बंद झाला. वाडीच्या बायका दीड कोस उतरून ओढ्याचें गढूळ पाणी आणूं लागल्या.

भिवाची थोरली बहीण ठमाबाई हिलम. शिकारखान्याचा माग तीच काढी, तिच्या आधीं तिचा बाप काढी. ती दरबारीं आली आणि बोलली, "सरकार, जखमी डुकर झऱ्यावर बसलाय. कुणी बंदुकवाला द्या, मी दाखवतें." महाराज दयाळू. म्हणाले, "देतों. कोणती बंदूक द्यावी?" हाय हाय, हा प्रश्न नसता विचारिला तर हा कागद लिहावा लागता ना! हलकेवाले उठले, जडवाले उठले, आणि पहिला दिवस त्यांतच गेला. मग दुसरा गेला. मग दिवाळी गेली, आणि फराळाच्या ताटावरही हेंच, कीं गोळीचा वेग थोर कीं वजन थोर. एकानें रांगोळीनें गोळीची वाट काढून दाखविली आणि दुसऱ्यानें ती पायानें पुसली, आणि दोघांचें बोलणें बंद झालें तें अद्याप बंद आहे. दिवाण मोरोपंत चिंदरकर, फार व्यवहारी पुरुष, त्यांनीं तोड काढिली कीं वादाचा निकाल लागेपर्यंत लोकांनीं तहानेलें राहूं नये, सबब त्रिपुरी पौर्णिमेस वाडीच उठवून खालीं ओढ्यावर वसवावी. डुकर एक, घरें बावीस. आणि उठावें घरांनीं! ठमाबाईनें तें ऐकिलें, आणि तिचा चेहरा उतरला. म्हणाली, "आमच्या सात पिढ्या त्या झऱ्यावर मेल्या सरकार. आम्ही खालीं जाऊन काय करूं?" दिवाण म्हणाले, "पाणी प्याल." ह्यावर कोणी हंसलें, तें आम्हांस आवडलें नाहीं.

मग निकालासाठीं ठरलें कीं सड्यावर परीक्षा घ्यावी. सहाशें पावलांवर चुना फांसलेलीं मडकीं मांडिलीं, आणि सारें राज्य जत्रेसारखें लोटलें, भेळवालाही आला. आनंदरावांनीं चोपडी पाहिली, उपरण्याचा पदर उडतो कोणीकडे तें पाहून वारा जोखिला, आणि पांच बारांत चार मडकीं फोडिलीं. आम्ही जडवाले नव्हे आणि हलकेवालेही नव्हे, परंतु खरें बोलावें, नेम पाहून आमच्या तोंडून वाहवा निघाली. मग सुभानजी पुढें झाले. त्यांची पहिली गोळी वाटेंतच जमिनीस लागली. दुसरी म्हशींच्या डबक्यांत पडली आणि म्हशी उठून चालत्या झाल्या. लोक पोट धरून हंसले. म्हाताऱ्यानें बंदूक खांद्यावर टाकिली आणि कोणाकडे न पाहतां घरीं गेला. संध्याकाळीं हुकूम लिहिला गेला, कीं जड बंदुका पौर्णिमेपासून कोठींत ठेवाव्या. डुकराचें नांव त्या हुकुमांत नव्हतें, आणि वाडी उठावयाची ती उठावयाचीच राहिली. जाहलें. ह्यास म्हणावें आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं. कारण झऱ्यावरचा डुकर मडकें नव्हता, आणि तो सड्यावरही नव्हता.

पौर्णिमेस चार दिवस उरले, कार्तिक शुद्ध एकादशी. भर दरबार. तों ठमाबाई आली, आणि काखेंत दोरीचें वेटाळें. त्या राज्यांत माग काढणारांची एक चाल आहे. जनावरास गोळी लागली कीं रक्ताचा पहिला थेंब जेथें सांपडेल तेथें दोरीचें टोंक धरावयाचें, बंदूकवाल्याच्या पावलापर्यंत ताणावयाची, आणि तेथें गांठ मारावयाची. मग त्या रेघेनें माग सुरू. बापाची दोरी लेकीकडे येते आणि गांठी वाढत जातात. दरबारी मंडळींनीं ती दोरी शेंकडों वेळां पाहिली होती, आणि पाहून न पाहिल्यासारखी. ठमाबाई म्हणाली, "सरकार, टोंक धरा." सगळे चपापले. दिवाण ओरडले, "अगे, कोणापुढें बोलतेस!" महाराज म्हणाले, "असूं द्या पंत," आणि गादीवर बसल्या बसल्या टोंक धरिलें. ती दोरी सोडीत मागें मागें गेली. म्हणाली, "ही चाळीस वर्सांची शिकार हाये. माझी आन माझ्या बापाची. हितल्या गांठी मोजा." गादीपासून सदरेच्या पायरीपर्यंत, अवघीं तीस पावलें, तेवढ्यांत गांठींवर गांठी, माळेसारख्या. पायरीखालीं गांठी विरळ झाल्या. चौकांतील हौदापाशीं शेवटची गांठ आली, बावन्न पावलें, आणि दोरी संपली. वेशीच्या दरवाज्यांत एक शिपाई पान चघळीत उभा होता. ठमाबाईनें त्याकडे बोट केलें आणि म्हणाली, "त्या दादापावेतों बी कुणाची गोळी कधीं गेली न्हाय. सहाशें पावलांचा वाद कशापायीं घालतांय सरकार? कारवींत सहाशें पावलांवर तुमाला डुकर दिसणार हाये का?"

हलकेवाले छताकडे पाहूं लागले. जडवाले हंसूं लागले, त्यांजकडे वळून ती म्हणाली, "तुमी बी गेलाच की मडकीं फोडाया." मग महाराज मोठ्यानें हंसले, आणि हंसतां हंसतां डोळे पुसले, आणि गंभीर होऊन बोलिले, "एक महिना आम्हीं लोकांस तहानेलें ठेविलें. लाज आमची आहे." आणि आनंदराव उठले. तोंड तांबडेंलाल. चोपडी खिशांतून काढून दिवाणांच्या हातीं दिली आणि मागें उभ्या असलेल्या सुभानजींपाशीं जाऊन वांकले. म्हणाले, "दरोगेसाहेब, जखम माझी. माग माझा. तुमची बंदूक द्याल काय?" सुभानजी म्हणाले, "देईन. खांदा आहे का पण?"

द्वादशीस उजाडतांच तिघें निघालीं. पुढें ठमाबाई हातीं कोयती घेऊन, मध्यें आनंदराव जड बंदूक घेऊन, मागें सुभानजी दुसरी घेऊन. आणि नाळीच्या तोंडाशीं आम्ही सर्व, महाराजांसह, मुकाट. वाडीच्या बायका रिकामे हंडे घेऊन धारेवर उभ्या होत्या. आंतून कांहीं ऐकूं येईना. मग काठ्या मोडल्याचा आवाज, मग ठमाबाईची हांक, "आला! डावीकडून आला!" आणि मग बार, ऐसा कीं डोंगर बोलला. धूर नाळींतून भसाभस वर आला आणि आंत कोण आहे, कोण नाहीं, कांहीं कळेना. दिवाणांनीं रामनाम घेतलें. महाराज जागेवरून उठून दोन पावलें पुढें गेले.

तों धुरांतून सुभानजींचा आवाज आला, "उठा आतां आनंदराव, डुकर निजलाय, तुम्ही कां निजतां?" झालें असें, कीं डुकर काठ्या फोडीत सरळ अंगावर आला, आनंदरावांनीं जागा सोडिली नाहीं, आणि गोळी दोन काठ्या तोडून त्याच जखमी खांद्यांतून छातींत गेली, आणि डुकर गुडघ्यांवर येऊन तेथेंच राहिला, आणि बंदुकीच्या धक्क्यानें आनंदराव पाठीमागें झऱ्याच्या डबक्यांत बसले. खांदा काळानिळा, पागोटें पाण्यावर तरंगतें, आणि तोंडावर ऐसें हंसूं कीं लग्नांतही नव्हतें. म्हणाले, "सुभानजीबावा, सरकली नाहीं हो गोळी!" म्हातारा म्हणाला, "सरकायला वेळच कुठें दिलात? शाबास!" आणि जवळ घेऊन त्यांची पाठ थोपटली, आणि हळूच म्हणाला, "मीही मूर्खच. सड्यावर जायला नको होतें." ठमाबाईनें दोरी ताणिली आणि गांठ मारिली. चौदा पावलें.

मग जो जयजयकार उठला तो काय वर्णावा! ढोल वाजले, तारपा वाजला, हलकेवाले आणि जडवाले एकमेकांच्या गळ्यांत पडले आणि डुकर खांद्यावर घेतांना आधीं कोणी धरावा यावरून पुन्हां भांडले. दिवाणांनीं वाडी उठविण्याचा कागद सर्वांसमक्ष फाडिला, आणि महाराजांनीं तुकडे मागून घेऊन आणखी बारीक फाडिले. जड बंदुका कोठींत ठेवण्याचा हुकूम त्याच वाटेनें गेला. हलक्या बंदुका सड्यावरील हरणांसाठीं राहिल्या, आणि तेथें त्या उत्तमच चालतात, हेंही आम्ही लिहून ठेवितों. मग महाराज ठमाबाईस म्हणाले, "बाई, चाळीस वर्षांच्या गांठी तुझ्या हातीं. आतां तूंच सांग, गोळी कोणती चांगली?" सारी मंडळी कान टंवकारून पुढें सरली, कारण हिचा निकाल आतां कोणी मोडणार नव्हता. ठमाबाई म्हणाली, "मला काय ठावं सरकार. डुकर मेला का, येवढंच मी बघतें." आणि भिवाच्या बायकोच्या डोईवरचा हंडा काढून तिनें पहिला आपण भरला.

एकूण मतलब इतकाच. वाद महिनाभर चालला, बार एक निघाला. पौर्णिमेस झऱ्याच्या वाडीवर बावीस घरीं दिवे लागले, आणि महाराज स्वतः तेथें जाऊन ओंजळीनें पाणी प्याले. आम्हीही प्यालों. गोड आहे.