विषय : मेन बोर्ड बदलणेबाबत

सिडकोतल्या खैरनारांच्या फ्रिजला शॉक येतो, ही बाब श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी सकाळी सव्वासात वाजता अधिकृतपणे निदर्शनास आली. त्याआधी दीड वर्ष तो येतच होता. पण तो मालनबाईंना येत होता, त्यामुळे त्याची बाब झाली नव्हती.

मालनबाईंनी सांगितले नव्हते असे नाही. "अहो, फ्रिजला हात लावला की झिणझिण्या येतात," असे त्या दोनदा म्हणाल्या होत्या. त्यातही एकदा चहाचा कप हातात देताना. "ओल्या हाताने लावला असशील," असे वाल्मीकराव पेपरामागून म्हणाले. मालनबाईंचा हात दिवसाचे चौदा तास ओलाच असे, त्यामुळे हे उत्तर चुकण्याची शक्यता नव्हती. चतुर्थी, एकादशी, गुरुवार सांभाळणाऱ्या बाईला थोडे सोसायची सवय असते. शिवाय चातुर्मासात पायात काही घालायचे नाही, हा त्यांचा लग्नापासूनचा नेम. त्या फ्रिज उघडताना 'श्रीराम' म्हणू लागल्या. घरच्यांना वाटले, भक्ती वाढली.

त्या सोमवारी मात्र वाल्मीकराव आंघोळ करून, पंचा नेसून, अभिषेकाचे दूध घ्यायला अनवाणी स्वतः गेले. दुधाचे पातेले जमिनीवर आणि वाल्मीकराव ओट्यावर, अशी परिस्थिती उद्भवली.

"हे कधीपासून आहे?" त्यांनी विचारले.

"असेल दीड वर्ष," मालनबाई फरशी पुसत म्हणाल्या.

"आणि मला कुणी कळवलं नाही."

वाल्मीकराव एका सरकारी खात्यातून मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झाले होते. खाते सुटले होते, टिपणी सुटली नव्हती. दुपारी त्यांनी फाइल उघडली, तिला हिरवी नाडी बांधली आणि संतोष वायरमनला पाचारण केले.

संतोषने दारावरचे कॅलेंडर बाजूला केले. मागे लाकडी फळी, तिच्यावर चिनी मातीचे दोन फ्यूज आणि दर दसऱ्याला लावलेल्या हळदीकुंकवाचा बोटभर थर.

"काका, बोर्ड कधीचा?"

"वास्तुशांतीचा. एकोणनव्वद साल. आणि हेही लक्षात घे, दोन हजार अकरापासून एकदाही फ्यूज उडालेला नाही."

संतोषने फ्यूज ओढून काढला आणि उजेडात धरला. "उडेल कसा? एवढी जाड तार कोणी घातली? हिच्यावर चादरी वाळतील."

"मी घातली," वाल्मीकराव म्हणाले. "सारखा उडत होता."

अर्थिंगची तार शोधत संतोष मागच्या अंगणात गेला. ती भिंतीतून बाहेर येऊन तुळशीच्या कुंडीत शिरली होती.

"ही जमिनीत जायला पाहिजे, काका."

"कुंडीत मातीच आहे. आणि ही रोज पाणी घालते."

"कुंडी प्लास्टिकची आहे."

यावर वाल्मीकरावांनी 'कुंडी : प्लास्टिक' अशी नोंद घेतली. संतोषने पाने-पक्कड पुसत शेवटचे सांगितले, "नवा बोर्ड बसवा. त्यात असा स्विच येतो, की करंट माणसाच्या अंगातून जायला लागला तर डोळ्याची पापणी लवायच्या आत लाइन तोडतो. आजच करा. काकू अनवाणी असतात."

"प्रस्ताव रास्त आहे," वाल्मीकराव म्हणाले. त्यांच्या खात्यात रास्त प्रस्तावाला साधारण नऊ वर्षे लागत.

तोवर तात्पुरती उपाययोजना म्हणून रबरी चपलांचे चार जोड आले : वाल्मीकरावांना एक, मुलगा दीपकला एक, सून हर्षालीला एक आणि पाहुण्यांसाठी एक. स्वयंपाकघरात देवघर असल्याने तिथे पस्तीस वर्षे चप्पल आली नव्हती. ती अट 'फ्रिजपुरती' शिथिल झाली. देवांपुढे एक पडदा आला. मालनबाई उरल्या.

"चार महिने नेम बाजूला ठेव," वाल्मीकराव म्हणाले.

"नेम चार महिन्यांचाच आहे," मालनबाई हळूच म्हणाल्या.

मग गुरुजींना फोन झाला. गुरुजी म्हणाले, लाकूड हे काही पादत्राण नव्हे, पाटावर उभे राहायला हरकत नाही. त्याप्रमाणे फ्रिजपुढे पाट मांडला गेला. मालनबाई त्यावर चढत, दूध काढत, उतरत. शॉक येईना. धुण्याभांड्याला येणारी मैना आपली चप्पल फाटकाबाहेर काढून येई, कारण तशी पद्धत होती, आणि त्या चार जोडांत तिचा जोड नव्हता. फ्रिज पुसायला ती आली की मालनबाई पाटावर सरकून तिला जागा करून देत. "ये गं, मावतो आपण." दोघी खांद्याला खांदा लावून फ्रिज पुसत. बघणाऱ्याला वाटावे, कसले तरी हळदीकुंकू चालले आहे.

महिनाअखेर वाल्मीकरावांनी फाइलवर लिहिले : 'उपाययोजनेनंतर तक्रार निरंक. सबब बोर्ड बदलण्याची निकड दिसून येत नाही.'

पुढे वॉशिंग मशीनलाही शॉक येऊ लागला, तिथे दुसरा पाट आला. मोरीतल्या नळाला आला, तिसरा. गणपतीत पाहुणे दारात चपला काढत आणि आत पाहुण्यांचा जोड आळीपाळीने घालत. एकाही पाहुण्याने का म्हणून विचारले नाही. हर्षालीचे नामपूरचे चुलतसासरे तर म्हणाले, "आमच्याकडं गोणपाट हाय. पाट लय भारी दिसतो." फ्रिजच्या दारावर सूचना लागली : 'चपलेशिवाय हात लावू नये. पाटधारकांनी पाट सोडू नये.'

"बाबा, आई एखाद दिवशी पाटावरून घसरल्या तर?" हर्षालीने विचारले.

"घसरल्याची एकही नोंद नाही."

आश्विनात ती नोंद झाली. कोथिंबिरीचा डबा मागे होता, मालनबाई वाकल्या, पाट सरकला, पाय फरशीला टेकला आणि हात फ्रिजच्या दाराला चिकटला. हर्षालीने लाटण्याने हात सोडवला. तीन बांगड्या फुटल्या, कोपर सुजले, आणि मालनबाईंना तासभर बोलता आले नाही. तसे हे कुणाच्या लगेच लक्षात आले नाही. वाल्मीकराव खरोखर घाबरले. फाइल काढून त्यांनी लिहिले : 'पाट गुळगुळीत असल्याचे आढळले. पाटास खालून रबर लावावे.'

मालनबाईंनी ते वाचले. कार्तिकी एकादशी झाली, चातुर्मास संपला. उद्यापनाला जे वर्ज्य केले ते दान द्यायचे असते. द्वादशीला पहाटे आंघोळ करून त्यांनी घरातले चारही रबरी जोड पिशवीत भरले, नदीवर गेल्या आणि घाटावर बसणाऱ्या चौघांना नमस्कार करून देऊन आल्या. तिन्ही पाट धुऊन माळ्यावर गेले. बाहेरची चप्पल घरात आणायला देवांची मनाई होतीच.

साडेसातला वाल्मीकरावांनी दुधासाठी फ्रिज उघडला. पावणेआठला दीपकने मशीनमधून शर्ट काढला. आठला वाल्मीकरावांनी हात धुवायला नळ सोडला.

"चपला कुठं गेल्या?"

"दान केल्या. उद्यापन होतं."

"सगळ्या?"

"मोजून द्यायचं नसतं म्हणतात," मालनबाई म्हणाल्या आणि जपमाळ घेऊन बसल्या.

नऊ वर्षांचा प्रस्ताव साडेआठला मंजूर झाला. दुपारी चारला नवा, पांढराशुभ्र बोर्ड दारावर बसला. मालनबाईंनी त्याला हळदीकुंकू लावायला बोट पुढे केले, तेवढे संतोषने अडवले. त्याने खटका वर केला. दिवे लागले. पंखा लागला. फ्रिज लागला आणि सगळे बंद झाले. पुन्हा वर केला. पुन्हा बंद.

"बोर्ड खराब आहे," वाल्मीकराव म्हणाले.

"बोर्ड चांगला आहे. फ्रिजमधून करंट गळतोय, ते हा सांगतोय. फ्रिज दुरुस्त करा, अर्थिंग जमिनीत घाला. याची बडबड थांबेल."

"फ्रिजचा विषय वेगळा, त्याची फाइल वेगळी. जुना बोर्ड पस्तीस वर्षं एक शब्द बोलला नाही. याला घरात येऊन दहा मिनिटं झाली नाहीत आणि हा घर बंद पाडतोय."

"बाबा, सहाला माझी मीटिंग आहे," दीपक म्हणाला. "बायपास होतं ना ते?"

"होतं," संतोष म्हणाला. "पण मग बसवला कशाला?"

या मुद्द्यावर कोणी मतप्रदर्शन केले नाही. एकटी हर्षाली 'नको' म्हणाली, ते इतिवृत्तात आले नाही. संतोषने तो लाइन तोडणारा स्विच टाळून तार फिरवली आणि तसे लिहून वाल्मीकरावांची सही घेतली. पांढराशुभ्र बोर्ड शांत झाला. तो दिसतो छान म्हणून कॅलेंडर पुन्हा लावले नाही.

संध्याकाळी वाल्मीकराव बाजारातून रबरी चपलांचे पाच जोड घेऊन आले. पाचवा मरून रंगाचा, वर छोटे फूल. तो त्यांनी स्वतः मालनबाईंच्या पायांशी ठेवला. इतक्या वर्षांत प्रथमच.

"आता तुझाही नेम संपला. घाल."

"मग शॉक गेला का?"

"शॉक आहे. पण आता घरात कुणाला लागत नाही."

मालनबाईंनी देवघराच्या पडद्याकडे पाहिले. मग चप्पल घातली. मऊ होती. कोपर अजून दुखत होते, आणि फ्रिज मुकाट्याने उघडला.

दुसऱ्या दिवशी मैना आली. फाटकाबाहेर चप्पल काढली, फडके पिळले आणि पाटाची जागा रिकामी पाहून क्षणभर थांबली. मालनबाई ओट्याशी तांदूळ निवडत होत्या. मैनाने फ्रिजला फडके लावले.

"आई गं."

मालनबाईंचा हात ताटात थांबला. मग नेहमीच्या हळू, मायेच्या आवाजात त्या म्हणाल्या,

"ओल्या हातानं लावलास ना?"

फाइलवर त्या महिन्याचीही तक्रार निरंक आहे. आपल्याकडे कामाला येणारी बाई चप्पल कुठे काढते, तेवढे मात्र जाता जाता पाहून घ्यावे.